एक्केचाळीस ठिपके आणि एक रिकामी जागा

जरा इकडे बघा, मी बोलतोय. इकडे, मेस्कीटच्या झाडाखाली. काळाकुट्ट, पोट सुटलेला, दोन चाकांवर आडवा पडलेला लोखंडी ड्रम, तोच मी. कोंबड्या भाजणं हे माझं काम. बोलायची सवय नाही मला. माझं तोंड म्हणजे हे झाकण, आणि ते उघडायलाही दुसरं माणूस लागतं. पण याच झाकणाने कोर्टात साक्ष दिली आहे, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क आता मला आहे, असं मी धरून चालतो.

मी मूळचा तेलाच्या विहिरीवरचा. जाड पाइपाचा उरलेला तुकडा. गवतात पडलो होतो, सरडे माझ्यात झोपायचे. एक दिवस तेयो कांतू नावाचा तरणा वेल्डर आला. त्याने माझ्यावर दोनदा टकटक केलं, आत डोकं घालून हाक मारली, आणि आपल्या मित्राला म्हणाला, "पोन्सियानो, हा कोंबड्यांसाठी जन्मलाय बघ."

पोन्सियानो म्हणाला, "लग्न तुझं की कोंबड्यांचं?"

कारण तेयोचं लग्न ठरलं होतं. मुलगी हर्मिनिया, सगळे तिला मिनिया म्हणत. टेक्सासात नदीकाठी असलेल्या आमच्या एल टुलितो वस्तीतलीच. तेयोने मला घरी आणलं, दोन्ही टोकं बंद केली, उभा चिरून झाकण केलं, बिजागऱ्या लावल्या, आत जाळी बसवली. चाकं एका मोडक्या ट्रेलरची. ते सगळं करताना तो शीळ घालायचा. मला वाटतं, ती शीळ अजून माझ्या लोखंडात कुठेतरी आहे.

जून १९८२. शनिवार. अकरा वाजता शहरातल्या जजसाहेबांकडे जाऊन सही करायची, तिथून येऊन जेवणं, मग नाच. सत्तर पाहुणे. कोंबड्या आदल्या दिवसापासून संत्र्याच्या रसात आणि बिअरमध्ये मुरत पडलेल्या. आणि साडेदहाला, नवरा-नवरी गाडीत बसलेली असताना, तेयोच्या पिकअपचा रेडिएटर अंगणातच फुटला.

तेयो बॉनेटखाली शिरला. पांढरा शर्ट काळा झाला. पाहुण्यांच्या गाड्या होत्या, पण एकीत बर्फ भरलेला, दुसरीत वाजंत्री झोपलेला, तिसरीची किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. बारा वाजले. ऊन असं की कोंबड्या आपोआपच शिजतील. तेव्हा मिनिया पांढऱ्या झग्यात खाली उतरली आणि म्हणाली, "जजसाहेब सोमवारीही आहेत. कोंबड्या सोमवारपर्यंत टिकायच्या नाहीत. पेटवा!"

ही चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो. समोर सत्तर भुकेली माणसं असताना कागदासाठी जेवण थांबवणं आमच्या लोकांना सुचतच नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा पेटलो. काय दिवस होता तो! लोक संध्याकाळपर्यंत खात होते आणि त्यानंतर नाचत होते. मध्येच तेयोने वेल्डिंगची कांडी घेतली आणि लग्नाच्या कपड्यांतच माझ्या झाकणावर, कडेला, वितळलेल्या लोखंडाचा एक ठिपका टाकला. हरभऱ्याएवढा. ठिणगीने शर्टाला भोक पडलं.

"ही आपली सही," तो म्हणाला. "आजपासून तू माझी बायको."

"आणि तू माझा नवरा," मिनिया म्हणाली. "शर्ट मात्र तूच शिवायचास."

सोमवारी तेयोला विहिरीवर कामाला बोलावलं. पुढच्या सोमवारी मिनियाची आई आजारी. त्यापुढच्या सोमवारचं मला आठवत नाही, त्यांनाही आठवलं नाही. मग वर्षं गेली, आणि 'आमची सही राहिलीय' असं सांगायची लाज वाटायला लागली. पण दर जूनला, त्याच तारखेला, तेयो कांडी घेऊन यायचा आणि आधीच्या ठिपक्याशेजारी नवा ठिपका टाकायचा. मग तिला हाक मारायचा, "बाई, या, बघून जा, अजून एक वर्ष सहन केलंत."

मूलबाळ झालं नाही त्यांना. पण वस्तीतलं एकही बारसं, मुलीचा एकही थाटाचा पंधरावा वाढदिवस, एकही मयत माझ्याशिवाय झाली नाही. कुणाचं छप्पर उडालं, कुणाचं ऑपरेशन निघालं, की तेयो मला पिकअपला जोडायचा. कोंबडी, भात, घेवडा, बटाट्याची कोशिंबीर, अशी ताटं विकून गरजूला मदत करायची, ही आमच्याकडची रीत. तेयो जाळ बघायचा, मिनिया ताटं भरायची, दोघं अखंड भांडायची. लोक ताटासाठी येत आणि भांडण ऐकत थांबत.

माझ्या आयुष्यात एकच वाईट वर्ष आलं. तेयोला मासेमारीचं वेड लागलं आणि त्याने मला, मिनियाला न विचारता, शेजारच्या गावच्या माणसाला विकून होडीचं इंजिन घेतलं. त्या माणसाने मला कधी पेटवलंच नाही. माझ्यात मांजर व्यायली. पिल्लं गोड होती, खोटं कशाला बोलू, पण पोटात जाळ नाही म्हणजे मला करमत नाही. अकरा महिन्यांनी तेयो इंजिन परत देऊन मला घेऊन आला. जून मध्येच उलटून गेला होता. त्याने चुकलेला ठिपका टाकायला कांडी उचलली, तर मिनिया म्हणाली, "नाही. तेवढी जागा रिकामी ठेव. तुला जन्मभर दिसत राहू दे."

ती जागा राहिली. अंगठ्याएवढी.

मागच्याच्या मागच्या फेब्रुवारीत तेयो पहाटे बर्फ आणायला गेला. मला घेऊन गेला नाही, लगेच येतो म्हणाला. हायवेच्या वळणावर वाळू वाहून नेणाऱ्या ट्रकने त्याच्या पिकअपला चिरडलं. ड्रायव्हर एकोणीस तास झोपला नव्हता. यापुढे त्या सकाळबद्दल मी काही सांगणार नाही.

त्याच्या मातीच्या खर्चासाठी ताटं विकली, त्या कोंबड्याही माझ्यावरच भाजल्या. जाळ पोन्सियानोने बघितला आणि पहिल्या चाळीस कोंबड्या कोळसा झाल्या. घरोब्याच्या मित्राला आमच्याकडे कोम्पाद्रे म्हणतात आणि मैत्रिणीला कोमाद्रे; मिनिया रडता रडता त्याच्यावर ओरडली, "कोम्पाद्रे, तो मेलाय, तुम्ही कोंबड्यांना का शिक्षा देताय?" आणि सगळं अंगण हसलं. तीही हसली. त्या दिवशी मला कळलं, ही बाई तगेल.

मिनियाने ट्रकवाल्यांवर भरपाईचा दावा लावला. चूक त्यांची, याबद्दल वाद नव्हता. ड्रायव्हरचे तास लिहिलेले होते. म्हणून त्यांच्या वकिलाने, व्हिटलॉक त्यांचं नाव, वेगळी वाट धरली. त्यांनी सरकारी दप्तरं शोधली आणि सांगितलं की कांतू आणि या बाईचं लग्न कुठेच नोंदलेलं नाही. मूल नाही, आईबाप कधीच गेलेले. बायकोच नाही, तर भरपाई मागणार कोण?

वस्तीला हे तेव्हाच कळलं. बायका मिनियाला म्हणाल्या, "अगं, एवढी वर्षं पापात राहिलीस आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस?"

मिनिया तेवढ्यापुरती हसली. पण त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ पाट घेऊन बसली आणि झाकणावर हात ठेवून राहिली. पैशाचं तिला फार नव्हतं. ती मला म्हणाली, आणि मलाच म्हणाली, "बेचाळीस वर्षं याची भांडी घासली, आणि आता मी त्याची कोणी नाही?"

तिची वकील येसेनिया. वस्तीतलीच पोरगी, तिच्या पंधराव्या वाढदिवसाच्या कोंबड्या मीच भाजलेल्या. ती तिला मानाने 'दोन्या' म्हणत समजावून सांगत होती, "दोन्या मिनिया, टेक्सासमध्ये कागद नसला तरी चालतं. दोघांनी ठरवलं की आपण नवरा-बायको, इथे एकत्र राहिलात आणि लोकांना तसं सांगत आलात, एवढं सिद्ध झालं की लग्न झालं."

"मग सिद्ध कर पोरी. वस्ती सांगेल."

"वस्तीला विचारलं त्यांनी. व्हिटलॉक म्हणतात, प्रत्येक साक्षीदार या बाईचं जेवलेला आहे, त्यांचं काय ऐकायचं? न जेवलेला एक तरी दाखवा."

पोन्सियानो विचारात पडला. "न जेवलेला? आमच्याकडे पोस्टमनसुद्धा जेवलाय."

येसेनिया माझ्याकडे बघत होती. मग उठली, जवळ आली, नखाने काजळी खरवडली. एक ठिपका. दुसरा. तिसरा.

"हे काय आहे?"

"ते होय," मिनिया म्हणाली. "ते तेयोचं खूळ."

मी शेकडो मेजवान्या केल्या, पण आयुष्यात एक घाससुद्धा खाल्लेला नाही. माझ्याइतका स्वच्छ साक्षीदार त्यांना कुठे मिळणार होता?

बिजागऱ्यांच्या खिळी काढून माझं झाकण कोर्टात नेलं. धड झाडाखाली, तोंड शहरात. चार माणसांनी मला टेबलावर ठेवलं. खाली अंथरलेलं पांढरं कापड काळं झालं, आणि त्या थंडगार खोलीत मेस्कीटच्या धुराचा वास पसरला. निकाल द्यायला बसवलेले बारा साधे लोक पंचांच्या बाकावर होते, वेळ जेवणाआधीची. कुणाचं तरी पोट एवढ्या मोठ्याने बोललं की जजबाईंनी वर पाहिलं.

येसेनियाने ठिपक्यांची गोष्ट सांगितली. पोन्सियानोने पहिल्या ठिपक्याची साक्ष दिली, शर्टाच्या भोकासकट. मग व्हिटलॉक उठले. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. पेन्सिलीने एकेक ठिपका मोजत गेले. नाक खाजवलं, तिथे काजळी लागली, त्यांना कळलं नाही.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "१९८२ ते २०२३, बेचाळीस हवेत. बाराव्यानंतर जागा रिकामी आहे. बाई, १९९४ साली काय झालं?"

येसेनियाचा चेहरा उतरला. हे तिने विचारलं नव्हतं, आणि मिनियाने सांगितलं नव्हतं. मी टेबलावर गार पडलो.

"त्या वर्षी मी त्याच्याशी बोलत नव्हते," मिनिया म्हणाली.

"किती दिवस?"

"अकरा महिने. त्याने हा ड्रम विकला होता."

"म्हणजे तुम्ही वेगळे झालात."

"वेगळे? तो जाणार कुठे? घरातच होता."

"अकरा महिने, एका घरात, एक शब्दही नाही?"

"कुत्र्यामार्फत बोलायचे. 'चातो, त्या माणसाला सांग घेवडा शिजलाय. चातो, त्या माणसाला सांग शर्ट इस्त्री करून ठेवलाय, त्याच्या होडीला दाखवून ये म्हणावं.' कुत्रा वर्षभरात बारीक झाला, दोघांचं ऐकून ऐकून."

पंचांच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं. व्हिटलॉक म्हणाले, "बाई, जिच्याशी लग्न झालंय ती अशी वागते?"

मिनियाने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "साहेब, लग्न झालं नसतं तर मी सरळ निघून गेले असते. अकरा महिने राग धरून त्याच माणसाचे शर्ट इस्त्री करायचे, हे बायकोशिवाय कोण करेल? घरी जाऊन विचारा."

आता बाराही जण हसले. टोपी मांडीवर घेतलेला एक दांडगा गडी तर डोळे पुसत शेजारणीला कोपर मारत होता. जजबाईंनी हसू कागदामागे लपवलं. "शांत व्हा," त्या म्हणाल्या, आणि मग, "वकीलसाहेब, तुमच्या नाकाला काजळी लागली आहे."

पंच आत गेले. त्यांच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता: एलेउतेरियो कांतू, म्हणजे आमचा तेयो, आणि हर्मिनिया यांचं लग्न झालेलं होतं का? मिनियाने येसेनियाला सांगून ठेवलं होतं, "बाकीचं तू बघ, मला एवढंच ऐकायचंय."

ते परत आले तेव्हा तिने टेबलावर, माझ्या पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलेलं होतं. त्या दांडग्या गड्याने कागद वाचला. "होय. आम्ही सगळे म्हणतो, होय."

ती हळूच म्हणाली, "ऐकलंस का रे, सोमवार आला एकदाचा." आणि खरंच त्या दिवशी सोमवार होता.

पैसे किती मिळाले ते मला माहीत नाही, ते मला कुणी सांगत नाही. पण हायवेच्या त्या वळणावर तिने खटपट करून लुकलुकणारा पिवळा दिवा बसवून घेतला. आता ट्रक तिथे हळू होतात. तो दिवा इथून दिसतो, मी बघत असतो.

झाकण परत बसवल्यावर पहिल्याच शनिवारी मिनिया पोन्सियानोला म्हणाली, "कांडी द्या."

"कोमाद्रे, तुम्हाला येतं का?"

"बेचाळीस वर्षं बघितलंय. तोंडावर धरायचं ते काळं काय असतं, तेही द्या."

पोन्सियानो तीन पावलं मागे सरकला. ठिणग्या उडाल्या, कोंबडी ओरडत पळाली, झाडाची दोन पानं जळाली. रिकाम्या जागेत एक ठिपका पडला. वाकडा, लिंबाएवढा, शेजारच्या दोघांना खेटून बसलेला.

"माफ केलं," ती म्हणाली. "आता झाले बेचाळीस."

त्याच शनिवारी कुंपणाबाहेर गाडी थांबली आणि व्हिटलॉकसाहेब उतरले, हातात टोपी. संत्र्याच्या रसात आणखी काय घालता, एवढंच विचारायला आलो, म्हणाले. मिनियाने ताट भरून हातात दिलं. ते अर्धी कोंबडी संपवेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "झालं साहेब. आता तुमचीही साक्ष चालायची नाही."

मी आता म्हातारा झालोय. तळाशी गंज आहे, डाव्या चाकात हवा राहत नाही. एकच मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या अंगणातही माझ्यासारखं काहीतरी असेल, काळं, जुनं, जागा अडवणारं. त्याला घासून चकचकीत करायला जाऊ नका. त्या काजळीखाली कुणाची तरी सही असते.

आणि सह्या करायच्या असतील तर वेळेवर करा. पण कोंबड्या मुरलेल्या असतील तर आधी जेवून घ्या, हे मी सांगितलं म्हणून सांगू नका.

मिनिया येतेय, काड्यापेटी घेऊन. आता झाकण उघडेल. जरा बाजूला सरका, धूर डोळ्यांत जाईल.