पक्क्या शिलाईआधी

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, कीबोर्डावरचं, लिहिलेलं खोडायचं. शिंप्याच्या दुकानात राहायचं म्हणजे हा खुलासा करावाच लागतो.

कारखान्यात जन्मलो तेव्हा भावंडांच्या वाट्याला अक्षरं आली, माझ्या वाट्याला पुसापुशी. फार वाईट वाटायचं. त्यातून दुकानाचे मालक, आमचे शिंपी मास्तर, यांनी आम्हाला आणलं ते बिलं छापायला, आणि बिलात आपण कधी चुकत नाही असं त्यांचं म्हणणं. मी आपला धूळ खात पडलो.

मग मास्तर शिंप्यांच्या ऑनलाइन गटात शिरले. कापड आधी भिजवायचं, आटू द्यायचं, मगच कात्री लावायची, ही वडिलांची शिकवण त्यांनी तिथे ठासून मांडली. खाली उत्तर आलं, "सगळीच कापडं भिजवावी लागत नाहीत, दादा."

लिहिणारी त्यांची धाकटी बहीण. याच टेबलावर कात्री धरायला शिकलेली, आता दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान चालवणारी. आईवडील गेल्यापासून रक्ताच्या नात्याची ही दोघंच.

मास्तरांचं पित्त खवळलं. चारचौघांत सख्ख्या बहिणीने वडिलांना खोटं पाडलं! त्यांनी दणादण लिहिलं, "कुणाकडे शिकलीस ते विसरलीस. आजपासून तुझा माझा संबंध संपला." बोट आता पाठवायच्या बटणावर. माझा तो शेजारी भलताच उतावळा. मी अंग चोरून बसलो.

"अहो, थांबा," मागे काजं करत बसलेली त्यांची बायको उठून आली. "गिऱ्हाइकाच्या कोटाला आधी कच्चा टाका घालता, अंगावर चढवून बघता, मग पक्की शिलाई. आणि बहिणीला थेट मशीनखाली?"

"वाच तरी तिने काय लिहिलंय! म्हणे कापड भिजवायचंच नाही!"

"वाचलं. तिने 'सगळीच' लिहिलंय. तुम्ही 'कुठलीच' वाचलंत."

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, घसा खाकरला. मग बोट माझ्यावर आलं आणि दाबून राहिलं. 'संपला' गेला, 'संबंध' राहिला असता तर बरं, पण तोही गेला, 'विसरलीस'ही गेलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण मास्तर हट्टी. "बघतोच," म्हणत त्यांनी दोन तुकडे कापले, एक सुती, एक नव्या मिश्र धाग्याचा. भिजवले, वाळवले, मोजले. आजवर सगळं डोळे झाकून भिजवलं होतं, मोजलं कधीच नव्हतं. सुती बोटभर आटलं. दुसरं होतं तेवढंच राहिलं.

"बाबांच्या वेळी हे कापडच नव्हतं गं," ते बायकोला म्हणाले. वडील खोटे पडले नव्हते. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

त्यांनी लिहिलं, "नव्या कापडाचं तुझं बरोबर. सुतीचं मात्र मी सोडणार नाही."

लगेच उत्तर, "सुती मीही भिजवतेच रे! बाबांचीच मुलगी ना मी?"

मास्तर असे हसले की शिवायला घेतलेली पँट मांडीवरून घसरली.

तेव्हापासून मला भरपूर काम आहे. वाद होतातच, माझ्यावरचा बाण पार झिजलाय. तुमच्याही कीबोर्डावर माझा जातभाई कोपऱ्यात बसलाय. मत सोडा असं तो कधी म्हणणार नाही. फक्त पाठवण्याआधी त्याच्याकडे एकदा या.

त्या दिवशी मास्तरांनी शेवटी लिहिलं होतं, "रविवारी ये. नवी कापडं कशी ओळखायची ते दाखव." त्यातलं एक अक्षरही खोडलं नाही. रिकामं बसण्यात एवढं सुख असतं, हे मला तेव्हा कळलं.