गीतांजलीच्या जागी

पाणी भरून झालं, मेथी निवडून झाली, आणि सत्यभामा धाकट्या अवंतीची वेणी घालायला बसली. हिंदी मुलखातल्या घमापूर वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत रोजची सकाळ अशीच जायची. आज फक्त भांग बदलायचा होता.

"मधून नको काढू, डावीकडून काढ," दाराशी चपला घालता घालता रामराव म्हणाला. "सरांनी सांगतलं ना! गीताचा तसाच होता."

"मी तं दीदीहून काळी आहो, बाबा," अवंती म्हणाली. "पहचान लेंगे ना वो लोग!"

"काय पहचानतात! त्यायले आपण सारे सारखेच दिसतो." जेवणाचा डबा उचलून रामराव कारखान्याच्या वाटेला लागला.

सत्यभामेच्या हातातली फणी आपसूक डावीकडे वळली. हाताला सवय होती. हिरवी ओढणी खांद्यावर टाकून अवंती आरशासमोर सरकली, आणि क्षणभर आरशात थोरलीच येऊन बसली. फणी तिथंच थांबली.

थोरली गीतांजली. दोन हिवाळ्यांपूर्वी परदेशातल्या एका शाळेची मुलं वस्तीतल्या शाळेत आली होती. दूरच्या गरीब वस्तीसाठी राबायचं आणि राबता राबता शिकायचं, असा त्यांच्या शाळेचा उपक्रम. तिकडे केक विकून, लोकांच्या गाड्या धुऊन त्यांनी पैसे जमवले, इथं वाचनाची खोली उभी केली, भिंती स्वतः रंगवल्या. जाताना एकेका पाहुण्या मुलीनं इथल्या एकेका मुलीसोबत भिंतीवर निळा पंजा उमटवला. फ्रेया नावाच्या मुलीशेजारी गीतांजलीचा पंजा उमटला. खोलीला नावही गीतांजलीचंच दिलं, कारण लहानग्यांना मांडीशी घेऊन गोष्टी वाचायची ती.

पुढच्या अक्षयतृतीयेला तिचं लग्न झालं. पंधरा वर्षांची होती. पनागर गावी भाजीचा मळा, मुलगा कमावता. असं स्थळ थांबून राहते का, असं सगळेच म्हणाले. मुख्याध्यापक शैलेंद्र सर पंगतीत बसून जेवले. वाचनखोलीत शिकवणारी विनीतादीदी आहेरात स्टीलचा डबा देऊन गेली. निघताना इकडच्या रीतीप्रमाणं गीतांजलीनं हळदीत हात बुडवून दाराशेजारी पंजा उमटवला. यंदाच्या पावसाळ्यात बाळंतपणात ती गेली. बाळ राहिलं, आणि भिंतीवरची हळद राहिली. भाकरी थापता थापता सत्यभामेच्या ओठांवर ओवी यायची:

*हळदीचा हात बाई, लेक ठेवून गेली दारी*
*भिंत राखते ओळख, लेक येईना माघारी*

आता तिची रिकामी जागा दोघांना भरून हवी होती. पनागरहून निरोप आला होता: बाळाला मावशीसारखी आई कुठं मिळेल? अवंतीला आमच्याकडेच द्या, रविवारी सुपारी फोडू. अवंती चौदा वर्षांची. रामराव हो म्हणून बसला होता. आणि शाळेला हवी होती व्हिडिओवर बोलायला एक गीतांजली, कारण ती गेल्याचं तिकडे कुणी कळवलंच नव्हतं.

"थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, ताई," शैलेंद्र सर म्हणाले होते. "ऐकून तिकडची लेकरं घाबरतील. मदत थांबली तर नुकसान इथल्याच पोरींचं ना!"

दुपारी वाचनखोलीत लॅपटॉप मांडला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर गोरी, झोपाळू, हसरी तोंडं दाटीनं गोळा झाली आणि एका सुरात ओरडली, "गीतांजली!"

अवंतीनं हात हलवला. सत्यभामा दाराला टेकून उभी होती. मेलेल्या लेकीला कुणी एवढ्या आनंदानं हाक मारावी, आणि जित्या लेकीनं ओ द्यावी!

फ्रेया काहीतरी म्हणाली. विनीतानं मराठीत सांगितलं, "ती म्हणते, तुझ्या निळ्या पंजावर हात ठेव. तिकडेही त्यांनी तशीच भिंत केली आहे, ती तिच्या पंजावर ठेवेल. दोघी एकदम."

अवंती भिंतीशी गेली. पंजावर पंजा ठेवला. तिच्या बोटांच्या वर गीतांजलीची निळी बोटं उरली. खालून कुणीतरी हात काढू पाहतंय अशी.

पडद्यावर फ्रेयाचं हसू मावळलं. तिनं काही विचारलं.

"काय म्हणून राहिली वो ती?" सत्यभामेनं विचारलं.

"विचारते आहे... तुझा हात लहान कसा झाला?"

"कॅमेऱ्यामुळं, कॅमेऱ्यामुळं!" शैलेंद्र सर हसले.

"कॅमेऱ्यामुळं नाही." सत्यभामा खोलीच्या मधोमध आली. "तो हात आम्ही जाळला, बाई. सांग त्यायले. खेळण्याच्या वयात लगन लावून देल्लं, बाळंतपणात मेली. आता तिच्याच नवऱ्यासाठी हिले मागून राहिले. तुमाले व्हिडिओत तिची जागा भरायची, त्यायले घरात. माझी ही पोरगी काय बुजवण आहे, खड्ड्यात टाकायले?"

सरांचा हात लॅपटॉपकडे गेला. विनीतानं तो अडवला.

"दीदी, नोकरीचा विचार करा," सर हळूच म्हणाले.

विनीतानं विचार केला. मग पडद्याकडे वळून, अडखळत, एकही शब्द न गाळता तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं. फ्रेयानं डोळे पुसत एकच प्रश्न विचारला. या वेळी भाषांतर करताना विनीतानं कुणाकडे पाहिलं नाही.

"ती विचारते, लग्न लागत होतं तेव्हा तुम्ही सगळे कुठं होतात?"

उत्तर विनीतानंच दिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

"तिथंच होतो. जेवत होतो."

रविवारी पनागरची माणसं आली. विहीणबाईंच्या कडेवर बाळ होतं. सत्यभामा दारातच उभी राहिली, हळदीच्या पंजाशेजारी.

"काहून अडवून राहिल्या, विहीणबाई? सुपारी आणली ना आम्ही!"

"सुपारी परत न्या. बाळ द्या, मी वाढवीन. पोरगी मिळणार नाही."

"बाळ आमच्या घराचं आहे. ते कसं देऊ? चलो, रामराव, तुम्ही तं बोला!"

विनीतादीदी आत बसली होती. ती उठून म्हणाली, "बोलणी पुढं गेली तर मी आज पोलिसांत जाईन." रामरावानं भिंतीवरच्या हळदीकडे पाहिलं. तो हो म्हणाला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

पाहुणे निघाले. आजीच्या खांद्यावरून बाळ मागं पाहत होतं. डोळे गीतांजलीचेच. गल्लीच्या वळणापर्यंत ते पाहतच राहिलं. सत्यभामेचा हात वर उठला आणि रिकामाच खाली आला.

सोमवारी पाणी भरून झालं. अवंती शाळेचा गणवेश घालून आईपुढे बसली. फणी सवयीनं डावीकडे वळली.

"आई," अवंती म्हणाली, "मधून काढ ना. माझा मधून असतो."

सत्यभामेनं हात आवरला. डोळ्यांतलं पाणी तसंच राहू देऊन तिनं बरोबर मधोमध भांग काढला.