इतवारची गाडी

माझ्या नवऱ्याची, वकारांची आरडी मोटरसायकल दारात उभी असेपर्यंत इकराचं वाट बघणं संपणार नव्हतं. म्हणून मी ती विकायला काढली.

ते लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. सारा मराठवाडा आपली पोरं लातूरला नेऊन सोडत होता, मग शिकवणाऱ्यांना सुट्टी कुठली? इतवार तेवढा आमचा. गल्लीच्या तोंडाशी त्या दोन सायलेन्सरचा आवाज आला की इकरा हातातला घास टाकून उठायची. अब्बांच्या घरात घालायच्या चपला दारात मांडायची, डावी उजवीकडं, उजवी डावीकडं. ते बूट काढून तशाच उलट्या घालायचे आणि बदकासारखे चालायचे. लेक हसून हसून खाली बसायची.

पावसाळ्यात तिकडंच त्यांना कावीळ झाली. क्लास बुडू नये म्हणून अंगावर काढली. आम्ही त्यांना नांदेडला आणलं ते दफन करायलाच. तेव्हा इकरा माझ्या आईकडं मुदखेडला होती. परत आली तर दारात गाडी उभी. सासऱ्यांच्या गॅरेजमधला माणूस ती लातूरहून घेऊन आला होता.

"अम्मी, अब्बा कुठंयत?"

"लातूरला."

रोजचंच उत्तर, रोजच्यासारखं तोंडातून निघून गेलं. पुढं ते बदलायला मला धीरच झाला नाही. ती रोज सकाळी उठून गाडी बघून यायची. गाडी असली की समाधानानं चहात टोस्ट बुडवायची.

गाडी विकायचं माझ्या मनात आलं ते सासऱ्यांच्याच एका गोष्टीवरून. ही जपानी यामाहाच्या घराण्यातली राजदूत त्यांनी भूकंपाच्या साली किल्लारीकडच्या श्रीमंत नावाच्या पोराकडून घेतली होती. भिंत पडून तिच्या टाकीला पोचा आला होता. घरातलं माणूस गेलेलं, आणि हा दिवसभर गाडीकडं बघत बसायचा. "घेऊन जा चाचा," म्हणाला, "मला दिसू देऊ नका." गाडी गेली त्या रात्री तो पहिल्यांदा झोपला, असं पुढं त्याच्या आईनं सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी तो पोचा कधीच ठोकून काढला नाही.

गाडी घ्यायला अमृतराव सर आले. वकारांच्याच क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे. जुन्या गाड्यांचा नाद. आई म्हणाली, लेकराला तेवढा दिवस माझ्याकडं धाड. मी नाही म्हटलं. परका माणूस गाडी घेऊन जाताना तिनं डोळ्यांनी बघावं, रडावं, आणि एकदाचं सुटावं, असं मला वाटत होतं.

अमृतरावांनी किक मारली. गाडी गप्प. पुन्हा मारली.

"सर, फळा पुसून राहिले का?" सासरे ओट्यावरून म्हणाले. "जोर लावा जरा."

"चाचा, ही माझ्याशी रुसलीय."

"न्हाई हो. लई दिवसांनी उठून राहिली. आळस देऊ द्या."

तिसऱ्या किकला ती पेटली. निळसर धूर अंगणभर झाला, जळक्या ऑइलचा तो वास आला. मी पदर नाकाला लावला. सासरे उठून आत गेले.

आणि इकरा चपला घेऊन धावत बाहेर आली.

दारात मांडायला वाकली, मग तिनं वर बघितलं. गाडीवर अमृतराव होते. ती थबकली. मी मनाशी म्हटलं, आता.

"तुम्ही लातूरचे काका का?" तिनं विचारलं.

"हाव, बेटा."

"गाडी लातूरला चालली?"

अमृतरावांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "हाव."

इकराचा चेहरा उजळला. मग एकेक चप्पल फ्रॉकला पुसून तिनं दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. "ह्या अब्बांना द्या. तिकडं त्यांच्याकडं घरातल्या चपला न्हाईत."

अमृतराव चपला हातात धरून बसून राहिले. नुसती चालू गाडी थरथरत होती. "भाभी..." ते म्हणाले. सदऱ्याची वरची बटणं काढून त्यांनी चपला आत छातीशी ठेवल्या, बटणं लावली आणि गेले. गल्लीतून, मोठ्या रस्त्यावरून, पुलाच्या बाजूला आवाज बारीक होत गेला. इकरा तो संपेपर्यंत हात हलवत होती.

ती रडली नाही. संध्याकाळी मी भाकरी थापत होते तर चुलीजवळ येऊन बसली.

"अम्मी, अब्बांकडं गाडी नव्हती ना, म्हणून येत नव्हते."

मी तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवलं.

"आता पोचली असंल?"

"हाव."

"मग ह्या इतवारी येतील," ती म्हणाली, आणि पीठ लागलेली माझी बोटं एकेक करून पुसायला लागली.