शिंदीची केरसुणी

सोमवारी सकाळी डबा पिशवीत ठेवल्यावर बाबा दाराआडची नवी केरसुणी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले. लक्ष्मीपूजनाला लालबागहून आणलेली. हळदकुंकू अजून तिच्यावर होतं.

"कुठे नेताय?"

"कामाक. जुनी सायबान टाकून दिल्यान. परदेशातले पाव्हणे येतत, बरा दिसणा नाय म्हणे."

हायड्रोजनवर उडणाऱ्या विमानाची चाचणी चालू होती आणि बाबा तिथे विमानतळावर फिटर होते. टाकीपासून विमानापर्यंतच्या पाइपांचे जोड तपासायचे. हायड्रोजन पेटला तर दिवसाउजेडी ज्वाळा दिसत नाही, धूरही नाही. म्हणून ते केरसुणी हातभर पुढे धरून चालत. शेंडा पेटला की थांबायचं.

"आग ओळखणारी यंत्रं आहेत ना?"

"आसत. उगाच बोंबलतत म्हणून बंद ठेवल्यानी."

मी हसले. "लोक म्हणतील, विमानाला झाडूवाला ठेवलाय. आणि ही पूजेची आहे बाबा. ठेवा परत."

त्यांनी कागद सोडवला, नीट घडी घातली. "ऱ्हवांदे गो. देवीक कित्याक कामाक लावूचा," म्हणाले आणि जिना उतरले.

दुपारी पाहुणे यायच्या आत एक जोड गळतोय म्हणून त्यांना पाठवलं. ते रिकाम्या हातांनी चालत गेले.

बाबांचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी कंपनीचा सुरक्षा अधिकारी परळला आमच्या खोलीत आला. सम्यक नाव, माझ्याच वयाचा. त्याने अहवाल वाचून दाखवला. 'ज्वाळेची खात्री न करता कर्मचारी पुढे गेला.' खाली आईची सही हवी होती. आई चष्मा शोधू लागली.

"त्यांची केरसुणी कोणी फेकली?" मी विचारलं.

"ताई, ते अधिकृत उपकरण नव्हतं."

"अधिकृत होतं ते चालू होतं?"

त्याने पेन आईपुढे सरकवलं.

"पद्मजा, बस खाली," आई म्हणाली.

मी दाराआडून केरसुणी आणली आणि त्याच्या कागदावर ठेवली. तिने कोणी अजून घर झाडलं नव्हतं. आईकडे बघायचं मी टाळलं नाही.

"बाबा ही घेऊन निघाले होते, आई. मी ठेवायला लावली. मला लाज वाटली त्यांची. हे मी सहीनिशी लिहून देते. आता यांनी लिहावं, जुनी कोणाला लाज वाटली म्हणून फेकली ते. बाबांनी खात्री केली नाही, असं मात्र या घरातून कोणी लिहून देणार नाही."