अवतरणचिन्हांतली मिसळ

मोहिनीबाई गायधनींनी नाशिकच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त झाल्या, तरी चुकीच्या जागी स्वल्पविराम दिसला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यामुळे जुना विद्यार्थी वाल्मीक याने गंगापूर रोडला मिसळीचं हॉटेल काढलं आणि उद्घाटनाला त्यांनाच बोलावलं, तेव्हा त्या आदल्या दिवशीच पाटी बघून आल्या.

पाटी इंग्रजीत होती, झकास होती. फक्त ‘फ्रेश’ मिसळ, ‘प्युअर’ दही आणि ‘क्लीन’ किचन, असे तिन्ही शब्द ठसठशीत अवतरणचिन्हांत टांगले होते.

“ही चिन्हं काढ रे,” त्यांनी वाल्मीकला सांगितलं. “इंग्रजीत शब्द असा चिन्हांत टांगला की अर्थ होतो, ‘फ्रेश म्हणे! खरं-खोटं देव जाणे.’”

“बाई, डिझाइन हाय ती. लय भारी दिसते. मिसळ खाताना व्याकरण कोण बघतंय?”

“बरं,” म्हणून बाई गोड हसल्या. त्या अशा हसल्या की पूर्वी मागचे बाकसुद्धा चिडीचूप व्हायचे. वाल्मीक ते साफ विसरला होता.

दुसऱ्या दिवशी फीत कापून झाली आणि बाईंच्या हातात माइक आला. त्यांनी तो स्टँडवर लावला, कारण त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.

“मी पाटीच्याच भाषेत बोलते,” त्या म्हणाल्या. “इथे तुम्हाला मिळेल ताजी मिसळ.” ‘ताजी’ म्हणताना त्यांनी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत वाकवली. पुढे बसलेली कॉलेजची पोरं फिस्सकन हसली.

“शुद्ध दही.” पुन्हा बोटं. लासलगावहून आलेल्या वाल्मीकच्या मामांनी उचललेला चमचा खाली ठेवला. “शिळं हाय का काय?”

वाल्मीक खुणांनी ‘पुरे, पुरे’ करत होता. बाईंना फार मजा येत होती.

“आणि या सगळ्यामागे आहे वाल्मीकची एकुलती एक बायको, हर्षाली!” ‘एकुलती एक’ला बोटं अशी वाकली की मांडवात हशा उसळला.

एकटी हर्षाली हसली नाही. तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं.

वाल्मीक तडक पाटीखालच्या शिडीवर चढला. जमलेल्या पाहुण्यांसमोरच त्याने किल्लीने खरवडून सगळी चिन्हं काढली आणि घामाघूम होऊन खाली उतरला.

“झालं ना बाई?”

“माझं झालं,” बाई म्हणाल्या आणि मिसळीत पाव बुडवला.

हर्षाली मात्र शिडीला टेकून नवऱ्याकडे बघत उभी होती. “आता तुम्ही म्हणा, एकुलती एक. आणि हात खिशात घालून म्हणा!”