फळ्यावरची रिकामी जागा

समितीच्या साहेबांनो, तुम्ही खोटं रंगवलंय. एकदा नव्हे, नऊ वेळा. क्लबच्या ओसरीत टांगलेल्या, तळ्यावरची होड्यांची शर्यत जिंकणाऱ्यांच्या त्या लाकडी फळ्यावर एकवीस वर्षांत नऊ वेळा घड्याळजींचं नाव आहे, एकट्याचं. शिडाच्या होडीत दोन माणसं असतात. गळ्यात एवढाल्या दुर्बिणी अडकवून काठावर बसता, त्यांतून दुसरं माणूस दिसलं नाही? की दिसलं आणि कानाडोळा केलात?

दुसरं माणूस म्हणजे घड्याळजींची बायको. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. दुकानाचा पुढचा भाग त्यांचा, तिथे घड्याळं. मागची खोली तिची, तिथे शिवणाचं मशीन. होडीची दोन्ही शिडं त्याच मशीनवर शिवलेली. मोठं शीड अंथरायला खोली पुरेना, तेव्हा तिने मधलं दारच काढून ठेवलं आणि आठवडाभर गिऱ्हाइकं चपला हातात घेऊन शिडावरून घड्याळ न्यायला आली. होडीचं नाव 'टिकटिक'. तेही तिनेच ठेवलेलं.

शर्यतीत घड्याळजी मागे बसून सुकाणू धरायचे, मावशी पुढे. पुढच्या शिडाची दोरी तिच्याकडे, आत आलेलं पाणी डब्याने उपसणं तिच्याकडे, होडी कलली की कडेला पाय अडकवून अख्खं अंग पाण्यावर झोकून देणंही तिच्याकडे. आणि वारा ओळखणं. तो तिला मानेवर कळायचा. "आला, डावीकडून आला," ती म्हणायची आणि घड्याळजी वळवायचे. एवढं करून तुमच्या अर्जात ती कोण? तुमचे रकाने दोन: 'सुकाणूवर' आणि 'सोबत'. ती 'सोबत'. फळ्यावर मात्र पहिलाच रकाना चढतो.

दर वर्षी बक्षीस घेऊन झालं की मावशी त्या फळ्यापुढे उभी राहायची. एकदाच म्हणाली होती, "अहो, हे वाचून लोकांना वाटेल, तुम्ही एकटेच भिजत होतात." घड्याळजी हसले, तीही हसली. पण तिला ते लागलं होतं. नाव हवं होतं तिला, सरळ सांगतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

यंदा घड्याळजींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. ही शेवटची शर्यत, असं दोघांनी ठरवलं. सकाळी अर्ज भरून दिल्यावर त्यांनी क्लबच्या चिटणिसांना विचारलं, "रेषा ओलांडताना सुकाणू ज्याच्या हातात, त्याचं नाव फळ्यावर. असंच ना?"

"हो काका, नियमच आहे तो."

पाच मिनिटांनी तेच पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मावशीला वाटलं, गुडघ्यांपाठोपाठ कानही गेले.

शेवटच्या लाल पिंपाला वळसा घालून 'टिकटिक' पहिली निघाली. मागे तीन होड्यांच्या अंतरावर दाताचे डॉक्टर आणि त्यांची मुलगी. वारा समोरून, म्हणजे नागमोडी जायचं. एकच वळण उरलं. वळताना दोघांनाही शिडाच्या आडव्या काठीखालून वाकून पलीकडच्या कडेला जावं लागतं. मावशी वाकली, सरकली, वर बघते तर घड्याळजी तिच्या जागेवर आणि सुकाणूचा दांडा तिच्या पोटाशी.

"अहो! हे काय?"

"धर."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोक्याचं राहू दे, दांडा धर!"

शीड फडफडलं, होडी जागच्या जागी डुलली. डॉक्टर एका होडीच्या अंतरावर आले.

"अहो, दोरी ओढा! ती नव्हे, दुसरी! एकवीस वर्षं काय बघत होतात?"

"तुझी पाठ. आता तू माझी बघ."

तेव्हा तिला सकाळचा प्रश्न कळला, तिन्ही वेळचा. डोळ्यांत पाणी आलं ते तळ्याचं होतं, असं ती अजून सांगते. मानेला गार लागलं. "आला!" ती सवयीने ओरडली आणि मग लक्षात आलं, वळवायचंही आपल्यालाच आहे. दांडा हाताखाली थरथरत होता, चालू मशीन थरथरतं तसा. ही थरथर तिच्या ओळखीची होती. सुईखाली कापड सारावं तशी तिने होडी हलकेच सारली. रेषा ओलांडल्याचा भोंगा वाजला तेव्हा डॉक्टरांच्या होडीचं नाक 'टिकटिक'च्या मध्यावर होतं. घड्याळजी दोरीत पाय गुंतून उताणे पडले होते आणि खदाखदा हसत होते.

चिटणीस हसले नाहीत. "अर्जात सुकाणूवर तुमचं नाव आहे, काका."

"आणि नियम?"

"नियम आहे. पण अर्जही आहे."

डॉक्टर तसेच निथळत पुढे झाले. "मी साक्षीला आहे. सुकाणू मावशींच्याच हातात होतं. त्यांनी काकांना घातलेल्या शिव्यासुद्धा मला ऐकू आल्या."

"शिव्या नव्हत्या त्या," मावशी म्हणाली. "सूचना होत्या."

"समिती बघेल," चिटणीस म्हणाले.

समिती चार महिने बघतेय. फळ्यावर यंदाचं साल रंगवलंय, पुढे काही नाही. घड्याळजी दर रविवारी काठी टेकत जातात, बघतात, परत येतात.

"राहू द्या हो," मावशी म्हणते. "तुम्ही दिलंत, मला मिळालं."

"मी कोण देणारा? तुझंच होतं. मी नुसता दाबून बसलो होतो."

काल ती स्वतः गेली. गळ्यातली शिवणाची टेप काढली आणि फळ्यावरची ती रिकामी जागा मोजली. तिचं नाव बसतं. वर दोन बोटं जागा उरते. तेव्हा जागा नाही हे कारण सांगू नका, आणि अर्ज पुढे करू नका. रेषा ओलांडताना सुकाणू कुणाच्या हातात होतं? एवढंच विचारतोय. उत्तर द्या. तोंडी नको, फळ्यावर द्या.