ओ द्यायची नाही

माझी बायको शब्दकोशाच्या कचेरीत शब्द पारखते आणि मी दुकानात चष्म्यांच्या काचा बसवतो, त्यामुळे भाषेच्या बाबतीत आमच्याकडे तिचंच राज्य. मागच्या वर्षी तिच्या टेबलावर ‘बाबा’ हा शब्द ठाण मांडून बसला होता. चिनी, तुर्की, स्वाहिली यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तरी तिन्हींत बाप तो बाबाच. कुणी कुणाकडून उचललेला नाही. ओठ मिटून उघडले की तान्ह्या पोरांच्या तोंडून आपसूक निघतो. व्याकरणातही त्याचा तोरा होताच. घोडा निमूट ‘घोड्याला’ होतो, बाबा मात्र ‘बाबाला’च राहतो. हे ऐकून मी उगाच कॉलर ताठ करायचो.

त्याच सुमारास आमची तान्ही लेक ठकी ‘बाबा’ म्हणाली. मी हरखून धावलो, तर बायकोने दंड धरला. कचेरीत शब्दाचा वापर तपासताना बोलणाऱ्याला मध्येच काही सुचवायचं नसतं. ठकी पंख्यालाही बाबा म्हणायची, उशीलाही. तिचा अर्थ पक्का होईपर्यंत ओ द्यायची नाही, असं बायकोने ठरवलं. मीही नंदीबैलासारखी मान हलवली. बाकी लाड चालूच होते.

ठकी बाबा, बाबा करत राहिली. मग कमी झालं, मग थांबलंच. आता दीड वर्षाची झाली तरी पोरगी तोंडातून आवाज काढेना. मला भयंकर भीती वाटायला लागली. दुकानात उजवी काच डावीकडे बसायला लागली. बायकोला घास गिळवेना.

शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. पूर्वी ती बोलायची तेव्हा तुम्ही काय करायचात, असं डॉक्टरांनी विचारलं. बायको आमचा नियम सांगायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली.

“अर्थ तिच्याकडे नव्हताच,” ती मला म्हणाली. “तो आपण द्यायचा होता.”

मला तिचा राग आला, त्याहून माझा जास्त. पोरगी हाक मारत होती आणि मी परवानगीची वाट पाहत बसलो होतो.

घरी आल्यावर ठकी पंख्याखाली बसली. बराच वेळ वर बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले, उघडले. आवाज काही आला नाही.

“ओ,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.